उजवीकडून आलेली चौकट

आमच्या शाळेत मी मराठी शिकवते आणि उत्तरपत्रिका तपासताना माझा स्वभाव बिघडतो, असं मुलं म्हणतात. खोटं नाही ते. डावीकडे समास सोडलेला नसला, शीर्षक आणि मजकूर एकमेकांना चिकटलेले असले, की माझं डोकं फिरतं. अरे, वाचणाऱ्याला श्वास तरी घेऊ द्या! गेली इतकी वर्षं कुडाळच्या मुलांना मी हेच सांगत आले, की पान म्हणजे पाहुण्यासाठी झाडलेलं खळं, घरापुढचं अंगण. पाहुण्याला कुठून आत यायचं आणि कुठे बसायचं, हे न विचारता कळलं पाहिजे.

म्हणून त्या संध्याकाळी फोनवर जे पान माझ्यासमोर उघडलं, ते एखाद्या विद्यार्थ्याने लिहून आणलं असतं तर मी त्याला पालकांना घेऊन यायला सांगितलं असतं. पण ते पान कुणी लिहिलं होतं, कुणाला बोलवायचं, हेच मला कळेना. आणि मला त्या पानाकडून फक्त एक उत्तर हवं होतं. माझ्या वडिलांचा आवाज परत येईल का?

बाबांच्या आवाजाबद्दल आधी सांगायला हवं. आमचं गाव मालवणच्या वाटेवर, खाडीच्या अलीकडे. गावच्या देवळात काहीही ठरवायचं असलं, जत्रा असो, कुणाचं लग्न अडलेलं असो, की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने उभं राहून सगळं देवाच्या कानावर घालायचं, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्या घराकडे. मला आठवतं तेव्हापासून ते बाबाच घालत आले. जत्रेच्या गर्दीत त्यांच्यापुढे कुणी माईक धरला तर ते तो हाताने बाजूला करत. त्यांना गरजच नव्हती. देवळाबाहेर खाजं विकणाऱ्याचा हातसुद्धा तेवढा वेळ थांबायचा.

चतुर्थी झाली आणि तो आवाज बसला. आधी आम्हाला वाटलं, आरत्यांनी बसला असेल. मग वाटलं, थंडावा बाधला. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला. दिवाळी आली तरी घसा तसाच खरखरत राहिला, तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढतच कुडाळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. म्हणाले, स्वरयंत्रावर गाठ आहे. गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन काढून घ्या, तुकडा तपासायला पाठवतील, उशीर करू नका. तोपर्यंत बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. मी विचारलं, ‘‘आवाज पूर्वीसारखा येईल ना?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘बहुतेक.’’

आणि त्या ‘बहुतेक’ने आमच्या घरात ठाणच मांडलं.

आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा दोघंच. बाबांसाठी मी बाजारातून लहान मुलांची दगडी पाटी आणली. त्यावर ते मोठ्या, सुंदर अक्षरात लिहायचे, मला दाखवायचे, ओल्या फडक्याने पुसायचे. त्या संध्याकाळी जेवणाआधी ते पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसले. पायरीवरच कारण आमच्याकडे फोनला रेंज तिथेच येते. पाटीवर लिहिलं होतं, ‘तेच्यात बघ, काय सांगता ता.’

‘तेच्यात’ म्हणजे फोनमध्ये. मी शोधलं. पान उघडलं. मथळा अगदी आम्हाला हवा तोच होता, ‘स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेनंतर आवाजाचे काय होते?’ मी मोठ्याने वाचला. बाबांनी मान पुढे केली. आणि मथळ्याखालची पहिली ओळ मी वाचणार, एवढ्यात ती खाली सरकली. तिच्या जागी एक गादी आली. चांगली डबल बेडची गादी, वर झोपलेली बाई हसत होती. मी बोटाने पान वर ढकललं. ओळ सापडली. ‘शस्त्रक्रियेनंतर बहुतांश रुग्णांना’ एवढं वाचलं आणि पान परत उडालं. रुग्णांना काय? पुढे काय? आता तिथे एक माणूस बोलायला लागला. ‘‘नमस्कार मित्रांनो!’’ एवढा मोठ्याने ओरडला, की माडाखालचं कुत्रं उठून उभं राहिलं. बाबा दचकले, मग खांदे हलवत हसले. आवाज नसलेलं त्यांचं ते हसणं बघून मला भडभडून आलं. घरातला ज्याचा आवाज ऐकायचा तो मुका, आणि हा कोण कुठला उपटसुंभ आमच्या खळ्यात ओरडत होता.

मी त्याला बंद करायला गेले. कोपऱ्यात फुली होती, मुंगीएवढी. मी ती दाबली तर पान बंद न होता दुसरंच उघडलं. म्हणजे ती फुली खरी नव्हती, फुलीचं चित्र होतं. खरी फुली दुसऱ्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर पांढरी. मी मुलांना सांगते की चुकीवर फुली मारायची, बरोबरवर खूण करायची. इथे फुलीच चूक. मग मी ठरवलं, जाऊ दे हे पान, मागे जाऊ. मागे जायला बोट लावलं तशी मधोमध एक चौकट आली, ‘जाण्यापूर्वी थांबा!’ आणि त्याखाली, ‘तुम्हाला आमच्या सूचना हव्या आहेत का?’ उत्तरं दोनच होती. ‘होय’ आणि ‘नंतर’.

‘नाही’ कुठे आहे, ते मी शोधत बसले. बाबाही शोधत होते. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘नाय खंय आसा?’

नव्हतंच. मी ‘नंतर’ दाबलं. त्या संध्याकाळी आम्हाला बहुतांश रुग्णांचं काय होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. भात निवून गेला.

दुसऱ्या दिवसापासून फोनला काय झालं, देव जाणे. मी तिसऱ्यांच्या सुक्याची कृती बघायला गेले तर शेजारी घसा साफ करणारा काढा. बातम्या बघितल्या तर मध्ये श्रवणयंत्र. आमच्या घरात कुणाला ऐकायला येत नाही असं मी कधी म्हटलं होतं? नववीच्या वर्गात माझा फोन जोडून मोठ्या पडद्यावर शब्दकोशाचं पान उघडलं, तर ‘अनुनासिक’च्या वर एक बाई आपला गळा धरून उभी. ‘आवाज गेलाय?’ असं तिच्या डोक्यावर लिहिलेलं. पोरं हसली. मी शाळेत कुणालाही काही सांगितलं नव्हतं. बाबांना ते आवडलं नसतं; गाऱ्हाणं घालणाऱ्याचा गळा बसला ही गावात चघळायची गोष्ट झाली असती. मग ह्या बाईला कुणी सांगितलं? मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि मला खरोखर कळेना, की मी कुणावर रागवायचं. ज्याच्यावर रागवायचं त्याला तोंड नव्हतं.

मग ते झालं, जे मी आजही विसरलेले नाही. रविवारची सकाळ होती. बाबा आणि मी फोनवर गोव्याच्या गाडीची वेळ बघत होतो. पान उघडलं आणि वरून एक जाहिरात उतरली. विम्याची. त्यात जाड लाल अक्षरात एक शब्द होता, ‘कर्करोग’.

डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला नव्हता. ‘तपासायला पाठवतील’ असं म्हणून त्यांनी तो सभ्यपणे बाजूला ठेवला होता. मीही तो घरात कधी काढला नव्हता. बाबांनी तो पाटीवर लिहिला नव्हता. आम्ही दोघंही त्याला वळसा घालून जगत होतो, आणि हा मेला फोन सरळ बोलून मोकळा झाला. मी घाईघाईने अंगठ्याने तो शब्द झाकला. झाकायला म्हणून दाबला, तर ती जाहिरात उघडली आणि तोच शब्द सगळा फोन भरून मोठा झाला. खाली लिहिलं होतं, ‘तुमच्या प्रियजनांचा विचार केलात का?’

बाबांनी शांतपणे वाचलं. माझ्या हातातून फोन घेतला, पालथा घालून पायरीवर ठेवला आणि पाटीवर लिहिलं, ‘जत्रा झाल्यार बघूया.’

जत्रेला महिना होता आणि डॉक्टरांनी पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन दिली होती. मी समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. बाबा ऐकून घेत आणि पाटीवर तेच वाक्य परत दाखवत. ते पुसायचीही तसदी घेत नव्हते. मला काय भय वाटत होतं ते सरळ सांगते. मला भय वाटत होतं, की हा महिना आम्हाला परवडणार नाही.

आणि एके दुपारी मी शाळेतून आले, तर ओटीवर प्रवासाची पिशवी उघडी. आत बाबांचं धोतर, पंचा, लोकरीची टोपी. पाटीवर, ‘जावया गोव्याक.’ बाबांचा चेहरा उजळलेला. महिनाभरात मी तो तसा पाहिला नव्हता.

माझा आनंद गगनात मावेना. इथे माझी जीभ आवरली असती तर किती बरं झालं असतं! पण शिक्षकाची जात. उत्तर बरोबर आलं तरी ‘कसं आलं ते दाखव’ म्हणायची सवय. मी विचारलं, ‘‘बाबा, अचानक कसा काय ठरवलास?’’

बाबांनी मला पायरीवर बसवलं. फोन उघडला. तेच पान, तोच मथळा. एवढ्या दिवसांत ते बोटाने पान उघडायला शिकले होते, हेही मला ठाऊक नव्हतं. त्यांनी एक बोट वर केलं, म्हणजे थांब आणि बघ. पान स्थिर झालं. मग उजवीकडच्या कडेतून एक लहान चौकट सुळकन आत आली. मिक्सरची जाहिरात. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, ‘उजवो दिल्यान.’

जो आमच्याकडचा नाही त्याला हे समजणार नाही, म्हणून सांगते. देवाला काही विचारायचं असलं की कौल लावतात. गुरव पाषाणावर ठरलेल्या जागी ओले कळे, म्हणजे फुलांच्या न उमललेल्या कळ्या, चिकटवतो, काही उजव्या अंगाला, काही डाव्या. गाऱ्हाणं घालून झालं की सगळे थांबतात. उजवीकडचा कळा आधी पडला तर होय, डावीकडचा पडला तर नाही. गावातली कितीतरी लग्नं, विहिरी, वाटण्या अशा ठरल्या. आणि माझ्या बापाने मनात काहीतरी विचारून, त्या गचाळ पानासमोर बसून, मिक्सरच्या चौकटीचा कौल घेतला होता.

‘‘बाबा,’’ मी म्हटलं, ‘‘ही जाहिरात आसा. मिक्सरची!’’

पाटीवर, ‘माका ठावक आसा मिक्सर आसा ता. पण इलो खंयसून?’

‘‘ता नेहमीच थंयसून येता!’’ मी म्हटलं. ‘‘बघ तू.’’ आणि मी पान नव्याने उघडलं. उजवीकडून आली. परत उघडलं. परत उजवीकडून. ‘‘बघितलंस? सगळ्यांकच उजवो दिणारो देव कसलो? काय इचारलंस तरी ता उजवीकडसूनच येतला.’’ मला भलताच चेव चढला होता. बाबांचा चेहरा उतरत चालला होता, तो मला दिसत नव्हता असं नाही; पण मला तो फोन जिंकू द्यायचा नव्हता. ‘‘आजून बघ,’’ म्हणून मी तिसऱ्यांदा उघडलं.

चौकट डावीकडून आली.

त्यातसुद्धा मिक्सरच होता. का आली ती डावीकडून? मला आजही माहीत नाही. मी त्या विषयातली नाही. तिकडे कुणीतरी बसून ती हलवतं, की ती आपोआप हलते, मी काही सांगू शकत नाही. मला एवढंच दिसलं, की बाबांनी फडकं उचललं, ‘जावया गोव्याक’ पुसून टाकलं आणि आत जाऊन पिशवीतली टोपी काढून खुंटीला लावली.

आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे काय, हे मी वर्षानुवर्षं वाक्यात उपयोग करून शिकवलं होतं.

बाबा आत पडून राहिले आणि मी पायरीवर बसून ते पान उघडत राहिले. हो, मी. ज्या चौकटीला अर्ध्या तासापूर्वी नावं ठेवली, तीच उजवीकडून यावी म्हणून मी फोन हलवत होते. आली की बाबांना हाक मारून दाखवणार होते. पण आता ती कुठूनही येत होती. खालून वर आली. वरून पडली. एकदा तर मधोमध फुलली, गादीवरच्या बाईसकट. उजवीकडून काही येईना. आयुष्यात पहिल्यांदा मला एक जाहिरात मनापासून हवी होती आणि ती मिळत नव्हती. माझं मलाच हसू आलं आणि त्याच वेळी इतकी कीव आली, की मी फोन पदराखाली दडवला.

शेवटी जे सगळ्यांत आधी सुचायला हवं होतं ते सुचलं. मी आत गेले. ‘‘बाबा, देवळात जावया. खरो कौल घेवया.’’

बाबांनी उशाची पाटी जवळ ओढली. मग उठले.

सकाळी देवळात कुणी नव्हतं. फक्त गुरव. तो बाबांपेक्षा थोडा लहान, दोघांची उभी हयात ह्या गाभाऱ्यासमोर गेलेली. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने पाण्याचा गडू उचलला. पाषाण धुतला, कळे भिजवून चिकटवले, बाजूला उभा राहिला आणि सवयीने बाबांकडे पाहिलं. बाबा सवयीने पुढे झाले. हात जोडले. तोंड उघडलं. आणि मिटलं.

एवढी साधी गोष्ट आमच्या तिघांच्याही लक्षात आली नव्हती. कौलाला गाऱ्हाणं लागतं, आणि गाऱ्हाणं घालणाऱ्यालाच बोलायची बंदी होती.

गुरव म्हणाला, ‘‘मी घालू काय?’’

बाबांनी मान हलवली. नाही. मग ते स्वतःच घालणार की काय, म्हणून मी घाबरून त्यांचा दंड धरला. त्यांनी माझा हात सोडवला आणि पाटी माझ्यासमोर धरली. ‘तू घाल.’

मी? आमच्या देवळात बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी पाहिलेलं नाही. घालू नये असं कुणी बोललेलंही मी ऐकलेलं नाही. मी गुरवाकडे पाहिलं. तो समईची वात पुढे सारत होता. वात पुरेशी पुढे आली होती, तरी तो सारत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘घाल गो बाय. ऐकणारो तोच आसा.’’

मी हात जोडले. लहानपणापासून ऐकलेलं सगळं एकात एक मिसळलं. तोंडातून आलं ते असं, ‘‘देवा, आपणास नम्र विनंती, की माझ्या वडिलांची प्रकृती गेले काही महिने...’’

गुरव खोकला. ‘‘बाय,’’ तो म्हणाला, ‘‘देवाक अर्ज नको.’’

बाबांचे खांदे हलत होते. हसत होते ते. तेवढं पाहून मी पदर खोचला. मी डोळे मिटले.

‘‘बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू तुझ्या दारात उभा आसा!’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ गुरव एकटाच म्हणाला.

‘‘सगळ्या गावाचा सुखदुख तेणां आजपर्यंत तुझ्या कानार घातला. आज तेचीच वाचा बसली हा. तेच्या गळ्यात जा काय वायट वाकडा आसात, ता भायर पडांदे रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘गोव्याक जावचा काय ऱ्हवाचा, ता तू सांग. चुकला माकला पोटात घाल. आणि वाचा दिलंस तर तेका दी, नाय दिलंस तर...’’ इथे मी अडले. पुढचं वाक्य कुणी शिकवलेलं नव्हतं. ‘‘नाय दिलंस, तर तेच्या वतीन मी उभी ऱ्हवान. पण माझो बापूस माका दी रे म्हाराजा!’’

हे वाक्य माझ्या तोंडून मोठ्याने गेलं. किती मोठ्याने, ते देवळाच्या मागच्या भिंतीवरून परत आलं तेव्हा कळलं. गुरवाचा ‘व्हय म्हाराजा’ उशिराने आला आणि ओला होता.

मग आम्ही थांबलो. कळे जिथल्या तिथे. समई जळत होती. गाभाऱ्यात पाण्याचा थेंब कुठेतरी टपकत होता. माझ्या लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत मी अशा जागी उभी राहिले नव्हते, जिथे बघायचं ते एकाच ठिकाणी होतं आणि मधे कुणी येत नव्हतं. कळ्यांवर डोळे रोखून माझी मान दुखायला लागली. उजवा पडू दे. उजवा पडू दे.

शेजारी हालचाल झाली. बाबा वळले होते. खांबापाशी ठेवलेली टोपी त्यांनी उचलली, डोक्यावर घातली आणि बाहेर चालू लागले.

‘‘अरे, कळे अजून पडूक नाय!’’ गुरव ओरडला.

बाबांनी मागे न बघता हात हलवला, ऱ्हवांदे म्हणून. मी गोंधळून एकदा पाषाणाकडे, एकदा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले, आणि मग चपला हातात घेऊनच त्यांच्यामागे धावले. ते सुरंगीच्या झाडाखाली थांबले होते.

‘‘बाबा, कौल?’’

पाटीवर, ‘माझो झालो.’

‘‘कसो झालो? खंयचोच पडूक नाय!’’

त्यांनी पाटी पुसली. ह्यावेळी बराच वेळ लिहीत राहिले, अक्षरं बारीक करून, कारण जागा पुरत नव्हती. मग माझ्या हातात दिली. ‘फोनार मी ऑपरेशनाचा इचारूकच नाय. इचारललंय, माझी वाचा गेली तर गाऱ्हाणा बाय घालतली काय?’

मी वाचलं. ‘बाय’ म्हणजे मी. परत वाचलं. मिक्सरची ती चौकट उजवीकडून आली आणि ह्या माणसाने पिशवी भरली. मी ती खोटी ठरवली आणि त्याने पिशवी रिकामी केली. मला वाटत होतं, की ते गाठीला भितात, चाकूला भितात, त्या लाल शब्दाला भितात. मी इतके दिवस भलत्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होते. मी तिथेच झाडाखाली, चपला हातात धरून रडले. बाबांनी माझ्या हातातली पाटी काढून घेतली आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी पडून अक्षरं फिसकटायच्या आत आपल्या सदऱ्याआड धरली.

दुसऱ्या दिवशी बांद्यावरून आम्ही गोव्याला गेलो. गाठ निघाली. तुकडा तपासून आला, त्यात तो लाल शब्द नव्हता. आवाज परत आला, पण तो नव्हे. जाड आणि बुटका, ओटीवरून खळ्यापर्यंत पोचेल एवढाच. त्या वर्षी जत्रेचं गाऱ्हाणं गावाने गुरवाला घालायला सांगितलं आणि बाबा पहिल्या रांगेत हात जोडून उभे राहिले. कळ्यांतला कुठला आधी पडला होता, हे गुरवाने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

ते पान फोनवर अजून आहे. मी कधीतरी उघडते. बहुतांश रुग्णांचं काय होतं, ते वाक्य मला अजून पुरतं वाचता आलेलं नाही. ओळ सापडेपर्यंत गादीवाली बाई येते. मात्र चौकट सुळकन आली की बाबा ओटीवरच्या खाटेवरून मान वर करून नव्या घोगऱ्या आवाजात विचारतात, ‘‘खंयसून इली गो?’’ मी खरं काय ते सांगते.

वर्षातून एकदा आमच्या माडांच्या मुळाशी राखणदाराला, जागेची राखण करणाऱ्या देवाला, नारळ द्यायचा असतो. तिथेही गाऱ्हाणं लागतं. ते आता मी घालते. कुणी जमत नाही, माईकचा प्रश्न नाही. मी नारळ हातात घेऊन सगळं सांगते, पावसाचं, घराचं, शाळेचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबते. बाबा माझ्या मागे काठी टेकून उभे असतात. घसा साफ करतात, आणि जेवढा आवाज आहे तेवढा सगळा लावून म्हणतात, ‘‘व्हय म्हाराजा.’’